पाळी जायच्या आधीची वर्षं: कशाचा उपयोग कशावर होतो

तुझं वय ४६. पाळी कधी २२ दिवसांनी, कधी थेट दोन महिन्यांनी. रात्री तीनच्या सुमारास घामाघूम होऊन जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसभर चिडचिड. सकाळी बोटं आखडलेली, वजन सगळं पोटावर. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आणि तुला गोळ्या नकोत, हार्मोन्स तर नकोतच, राहणीत काय बदलू ते सांगा, असा तुझा प्रश्न. मी यातून पार पडले आहे, आणि या विषयावर इथे इतक्या जणींशी बोलणं झालंय की आता लिहायला बसले तर लांबणार. डॉक्टर मात्र मी नाही.

‘नैसर्गिक उपायांनी सगळं जातं’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस, आणि ‘काही उपयोग नसतो, सहन करायचं’ म्हणणाऱ्यांवरही नको. राहणीतले बदल काही तक्रारींवर फार चांगले लागू पडतात, काहींवर जेमतेम, आणि एका तक्रारीवर अजिबात नाही. हे वेगवेगळं न पाहिल्यामुळे बायका सहा महिने जवस खातात, वाफा (अंगात एकदम उसळणारी उष्णता, हॉट फ्लॅशेस) काही थांबत नाहीत, आणि मग वैतागून चालणंसुद्धा सोडून देतात. खरं तर चालण्याने दुसरं बरंच काही सुधारत असतं.

आधी ती एक तक्रार, जिथे राहणीचं काही चालत नाही: रक्तस्राव. या वर्षांत इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं एक मुख्य हार्मोन) सरळ उतरत जात नाही, ते वरखाली होत राहतं आणि मधूनच नेहमीपेक्षा जास्तही असतं. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन पुरेसं तयार होत नाही. मग गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि पाळी उशिरा आली की अंगावरून खूप जातं. थोडं मागेपुढे, थोडं कमीजास्त चालतं. पण तासाला एक पॅड भिजतोय, मोठ्या गाठी पडतायत, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त दिसतंय, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी डाग पडला, तर काढे-बिढे न करता स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायची. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) आहेत का ते कळतं, गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात.

आणि कोणी पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर गदारोळ झाला होता, चौकशी समिती नेमावी लागली होती. तिशीतल्या बायकाही त्यात होत्या. आपल्या आई-सासूच्या पिढीतही ‘त्रास होत होता म्हणून पिशवी काढली’ हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ याचा अर्थ बहुतेक वेळा तेव्हा कोणी विचारलंच नाही, एवढाच असतो. सासूबाईंना एकदा निवांत वेळी विचारून बघ. माझ्या अनुभवात याच बायका नंतर सगळ्यात जास्त बोलतात.

आता वाफा आणि घाम. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा जो भाग असतो तो इस्ट्रोजेनच्या चढउताराने हळवा होतो. एरवी लक्षातही येणार नाही इतक्या थोड्या उष्णतेला तो ‘फार गरम झालं’ समजतो, त्वचेकडे रक्त सोडतो, घाम फोडतो. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनशिवायच्या उपायांचा आढावा घेतला. औषधं सोडली तर वाफांसाठी त्यांनी ठामपणे शिफारस केली ती कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी आणि क्लिनिकल हिप्नोसिसची (तज्ज्ञांकडून संमोहन), आणि वजन जास्त असल्यास ते उतरवण्याचीही. योग, व्यायाम, सोयाबीन, श्वासाचे प्रकार, ॲक्युपंक्चर यांपैकी कशाचीही त्यांनी वाफांसाठी शिफारस केली नाही. इथे हे लिहिलं की दरवेळी कुणीतरी रागावतं. पण त्या यादीत योग निरुपयोगी आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. वाफांवर त्याचा पुरेसा पुरावा नाही, एवढंच. झोप, मन, आखडलेले सांधे यांसाठी तो जरूर करावा.

थेरपीचं नाव ऐकून बिचकू नकोस. वाफ आली की आपण मनात जे सुरू करतो, ‘सगळे बघतायत, आता मीटिंगमध्ये माझं काही खरं नाही’, ते ओळखून बदलण्याचा तो सराव असतो. वाफा येतातच, पण जाच कमी होतो. बाकी सुती कपडे, पंख्याखालची जागा, उशाशी पाण्याची बाटली, पातळ पांघरुणं एकावर एक, हे सगळं जरूर कर. त्याने वाफ येणं थांबत नाही, आलेली वाफ निभावून नेणं सोपं होतं. दारू किंवा खूप तिखट खाल्ल्यावर तुला स्वतःला वाफ येते का ते तूच पाहा. सगळ्यांचं सारखं नसतं.

जवस, शतावरी, अश्वगंधा, ऑनलाइन मिळणारी ‘मेनोपॉज पावडर’ यांबद्दल तू विचारलं आहेस. जवसाची चटणी जेवणात छान आहे, खा. मात्र वाफांवर जवस तपासून पाहिलेल्या एका मोठ्या चाचणीत जवस आणि जवस नसलेला खाऊ यांत फरक आढळला नाही, दोन्ही गटांत वाफा कमी झाल्या. बिनऔषधाच्या गोळीनेसुद्धा वाफा बऱ्यापैकी कमी झालेल्या दिसतात, म्हणून ‘मला गुण आला’ हे ऐकून चूर्णावर हजारो रुपये घालवू नकोस. अश्वगंधाने क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधा डॉक्टरांना न विचारता घेऊच नये.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ताकदीबद्दल, कारण आपल्याकडच्या बायकांचं नेमकं हेच राहून जातं. चालायला सगळ्या जातात. वजन उचलायला कोणी जात नाही. पाळी कायमची थांबण्याच्या साधारण वर्षभर आधीपासून ते नंतरच्या दोन वर्षांपर्यंत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात. स्नायूही उतरत जातात, तेवढंच खाऊन वजन वाढायला हेही एक कारण. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. या ‘त्याशिवाय’कडे कोणाचं लक्ष नसतं. जिमची गरज नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुश-अप, पाण्याच्या बाटल्या किंवा दोन किलोचे डंबेल, रबरी बँड. मुद्दा इतकाच की शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, आणि सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं. ‘मी दिवसभर घरात राबते की’ हे मला सांगू नकोस. राबण्याने दमणूक होते, ताकद वाढतेच असं नाही. गुडघे फार दुखत असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखव.

ताकदीला जोडूनच प्रथिनं. तुझं वजन साठच्या आसपास असेल तर दिवसाला निदान ५०, शक्यतो ६० ग्रॅम धर (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचार). आता आपलं ताट बघ: सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, चार वाजता चहा-बिस्किट, रात्री वरण-भात. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात, पातळ आमटीत तेवढेही नाहीत. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाची आमटी आपल्या वाट्याला, हेही आहेच! प्रत्येक जेवणात एक ठसठशीत गोष्ट हवी: उसळ, दोन अंडी, पनीर, मासे, दही, सोया वड्या. उपवासाचे दिवस तर फार वाईट जातात, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. आठवड्याला दोन उपवास असतील तर साबुदाण्याऐवजी राजगिरा किंवा वरई कर, सोबत दाण्याची आमटी आणि वाडगाभर दही.

कॅल्शियमसाठी आपल्या घरात नाचणी आहे. १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. दिवसाची गरज १,००० मिलिग्रॅम, पाळी गेल्यावर १,२००. म्हणजे एक भाकरी, दूध-दही, तीळ, पालेभाजी मिळून बरंच भागतं. गोळी घ्यायची की नाही ते ड जीवनसत्त्व तपासून ठरव. अंगावरून जास्त जात असेल तर लोहही उतरतं. नुसतं हिमोग्लोबिन पाहू नकोस, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घे. जेवणाला लागून चहा घेतल्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, तासाभराचं अंतर ठेव. पालेभाजीवर लिंबू पिळलंस तर फायदा होतो.

झोपेचं गणित वेगळं आहे. घामाने जाग येते हे खरं, पण जागेपण लांबतं ते बहुतेक वेळा आपल्या वागण्याने: घड्याळ बघणं, फोन उघडणं, उद्याची भाजी ठरवणं. बराच वेळ झोप आली नाही तर अंथरुणातून उठायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, झोप आली की परत आडवं व्हायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच, रविवारीसुद्धा. दुपारी लोळायचं नाही. चारच्या चहातलं कॅफिन रात्री दहालाही अंगात बरंच शिल्लक असतं, म्हणून शेवटचा चहा दोनच्या आत. सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, पण वाफा न थांबताही झोप सुधारू शकते, हे मी स्वतः पाहिलंय.

चिडचिडीचा निम्मा भाग झोपेबरोबर जातो. उरलेल्यात या वयातली मुलांची दहावी-बारावी, म्हातारी माणसं, ऑफिस हे सगळं असतं, त्याला नाचणीची भाकरी काय करणार? कामं वाटून घे आणि नवऱ्याला हे वाचायला दे. पण सतत रडू येतंय, कशात रस उरला नाही, जगणं नकोसं वाटतंय असं असेल तर त्याला ‘हार्मोन्सचं असतं’ म्हणून बाजूला सारू नकोस. या काळात नैराश्याचा धोका खरोखर वाढतो. डॉक्टरांकडे जा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन कर. ती सरकारी सेवा आहे, मराठीतही बोलता येतं.

दोन गोष्टी विचारायला बायका लाजतात. एक, कोरडेपणा. त्यावर योनीसाठीचं मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट मिळतं. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, त्याने लेटेक्स फाटतं. दुसरी, गर्भनिरोधन. पाळी दोन महिने आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षं काळजी घ्यायची, नंतर थांबली तर एक वर्ष.

हार्मोन्स नकोत म्हणतेस तर नकोत, पण ‘हार्मोन्स धोक्याची’ असं सांगणाऱ्या, २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासाच्या बातम्यांवरून ठरवलं असशील तर पुन्हा विचार कर. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास बहुतेक निरोगी बायकांसाठी तोट्यापेक्षा फायद्याचं पारडं जड पडतं. स्तनांचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांचं अर्थातच निराळं. वर सांगितलेलं सगळं तीन-चार महिने नेटाने करूनही वाफांनी जीव नकोसा झाला, तर हा पर्याय आहे, शिवाय हार्मोनशिवायचीही औषधं आहेत.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा, किती पॅड लागले, रात्री किती वेळा जाग आली हे लिहून ने. थायरॉइड, साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, फेरिटिन तपासायला सांग. धडधड, घाम आणि चिडचिड थायरॉइडनेही होते. एफएसएच या हार्मोनच्या रक्ततपासणीसाठी हट्ट धरू नकोस, या काळात आज एक आणि महिन्याने भलताच आकडा येतो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, त्यामुळे तुझ्या वयाला लक्षणंच पुरेशी बोलकी आहेत. बोटांचं आखडणं सकाळी तासाभराहून जास्त टिकत असेल किंवा सांधे सुजत असतील तर तेही सांग, संधिवाताची तपासणी वेगळी असते.