ठसका थांबला म्हणजे गिळणं सुधारलं का?

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय 58) स्वरयंत्राचा कॅन्सर होता. 35 वेळा लाईट (किरणोपचार) आणि सोबत केमो घेऊन सव्वा वर्ष झालं. आधी पाणी पिताना फार ठसका लागायचा, आता लागत नाही. पण जेवायला पाऊण तास लागतो, वजन 6 किलोनं उतरलंय आणि दोनदा छातीत कफ होऊन ताप आला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, गाठ नाही म्हणाले. तरी बेरियमची तपासणी सांगितली आहे. ती करायलाच हवी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हो, आणि लांबवू नका. किरणांनी स्वरयंत्राची संवेदना बोथट झाली की घोट श्वासनलिकेत उतरतो आणि माणूस ठसका न लागता जेवत राहतो. जेवण लांबलंय, वजन उतरलंय, ताप फिरून येतोय. अशा वेळी ठसका थांबला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

झाली ती दुर्बीण गाठ शोधण्यासाठी होती. गिळणं पाहायचं तर दुर्बीण नाकातून घशात ठेवूनच खायला-प्यायला देतात: हिरवा खाद्यरंग घातलेलं दूध, दही, मग बिस्किट. ही 'फीस' तपासणी. लाळ कुठे साचते, घास गेल्यावर मागे काय उरतं, हे तिच्यात छान दिसतं. मात्र ऐन गिळताना घसा भिंगावर मिटतो आणि पडदा पांढरा होतो. तेवढा अर्धा सेकंद बेरियमच्या, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं मिश्रण गिळायला देऊन काढलेल्या, एक्स-रे चित्रफितीत सापडतो. जिभेचा मागचा भाग घशाच्या भिंतीला टेकतो का, कंठमणी पुरेसा वर उचलला जातो का, अन्ननलिकेचं तोंड उघडतं की व्रणामुळे आवळलंय, हे तिथे कळतं.

चिठ्ठीवर 'मॉडिफाइड बेरियम स्वॅलो' किंवा 'व्हिडिओफ्लुरोस्कोपी' लिहिलंय ना, हे आधी बघा. नुसत्या 'बेरियम स्वॅलो'मध्ये मोठे घोट पाजून मुख्यतः अन्ननलिका पाहतात. ज्याचा घोट छातीत जातो त्याला ते जोखमीचं. ही गल्लत बऱ्याचदा होते. तुमच्या तपासणीत स्पीच थेरपिस्ट हजर हवा. तो साधारण 5 मिलीपासून सुरू करून कपातला घोट, दाट पेस्ट, शेवटी बेरियम लावलेलं बिस्किट देतो. घोट चुकतोय असं दिसलं की तिथेच हनुवटी छातीकडे घेऊन किंवा मान दुबळ्या बाजूला वळवून पुन्हा गिळायला लावतो. कोणती युक्ती लागू पडली ते रिपोर्टात लिहून घ्या; घरी कामाला येणार ती तीच.

रिपोर्टात 1 ते 8 असा आकडा असतो. 1 म्हणजे श्वासमार्गात काहीच शिरलं नाही. 8 म्हणजे स्वरतंतूंच्या खाली गेलं आणि बाहेर काढायची धडपडही झाली नाही.

तोवर 'पातळ बंद, सगळं दाट द्या' हा सल्ला डोळे झाकून पाळू नका. लाईटनंतर घसा आखडतो, जोर कमी पडतो; मग दाट पेज खळग्यांत चिकटून राहते आणि जेवण झाल्यावर हळूच श्वासनलिकेत ओघळते. काहींना पातळच जास्त सोसतं.

प्रश्न : वडिलांच्या घशाच्या उपचारांना चार वर्षं झाली, सध्या ठीक आहेत. घरी काय तपासत राहावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन. जेवणाला लागणारी मिनिटं. घोट घेतल्यावर 'आऽऽ' म्हणायला लावा. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला तर घशात काही साचलंय. तोंड पूर्ण उघडायला लावून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर पट्टीनं मोजा, 35 मिमीच्या आत आलं तर तोंड उघडण्याचे व्यायाम लगेच विचारून घ्या. चार वर्षं झाली म्हणून सुटलो असं नाही. किरणांचा आखडलेपणा आणि नसांचा दुबळेपणा पाच-दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. 100 मिली पाणी प्यायला देऊन गिळणं पाहण्याची चाचणी मात्र दवाखान्यातच करू द्या. आणि जेवणाआधी व नंतर दात-जीभ स्वच्छ हवेत, कारण घोट चुकलाच तर त्याच्यासोबत तोंडातले जंतूही छातीत उतरतात.