सरासरी नको, सर्वांत वाईट महिना बघा

परदेशात राहायला जायला शहर निवडताय, मुलाला दमा आहे, हवा स्वच्छ हवी, थंडी बेताची हवी, आणि त्यासाठी तुम्ही चार शहरांच्या वार्षिक सरासरी एक्यूआयचा (हवेच्या प्रदूषणाच्या निर्देशांकाचा) आणि तापमानाचा तक्ता केलाय. तक्ता चांगलाय, पण त्रासाचा काळ सरासरीत नेमका दिसेनासा होतो. थायलंडमधलं चियांग माई पावसाळ्यात झकास असतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेतं आणि जंगलं पेटली की त्या खोऱ्यात धूर कोंडून राहतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत उलट. तिथे हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि वारा सुटेपर्यंत धुरकं हलत नाही. इटलीत मिलान, तोरिनोकडे आल्प्समुळे वाराच पुरेसा मिळत नाही. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिमेला वणव्यांचा धूर उन्हाळ्याच्या शेवटी येतो, तोही दरवर्षी सारखा नाही.

एक्यूआयचे आकडे दोन देशांत ताडून बघू नका, कारण सूत्रंच वेगळी आहेत. पीएम २.५ चं (हवेतल्या अतिबारीक कणांचं) २४ तासांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय एक्यूआय १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकी सूत्राने तीच हवा १५० च्या वर, लाल रंगात, म्हणजे 'अपायकारक' गटात जाते. त्यामुळे थेट मायक्रोग्रॅम बघा. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीला ५ आणि २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम आहे. ओपनएक्यू या हवेच्या आकड्यांच्या खुल्या संकेतस्थळावरून किंवा तिथल्या सरकारी संकेतस्थळावरून निदान तीन वर्षांचे रोजचे आकडे उतरवून घ्या आणि प्रत्येक महिन्यात किती दिवस १५ च्या वर गेले ते मोजा. लोकांनी घरी लावलेल्या, लेसरने कण मोजणाऱ्या सेन्सरच्या नकाशावर फार विसंबू नका. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि आकडा चढा दिसतो.

दम्याच्या बाबतीत परागकण वेगळे तपासावे लागतात, पीएमच्या आकड्यात ते कळत नाहीत. मेलबर्नमध्ये नोव्हेंबर २०१६ च्या वादळात रायगवताचे परागकण ओलाव्याने फुटून बारीक झाले, थेट फुप्फुसात गेले आणि हजारो लोक रुग्णालयात पोचले; दहा जण दगावले. तिथला वसंत ऋतू आपल्याला सोसेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

उकाड्यासाठी सापेक्ष आर्द्रता न बघता दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं ते, बघा. तो १५ अंशांखाली असेल तर हवा सुखाची, २१ च्या वर गेला की घाम वाळत नाही. थंडीचं म्हणाल तर उणे तापमानापेक्षा अंधारच जास्त जाचतो, असं माझं मत. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो.

शहर ठरलं की खरी निवड घराची. मोठ्या रस्त्यापासून निदान दीड-दोनशे मीटर आत, आणि शेजारी लाकडाची शेगडी नको. हिवाळ्याच्या संध्याकाळी गल्लीत फिरलात की वासावरून कळतं. पोलंडमधल्या क्राकूवमध्ये सप्टेंबर २०१९ पासून कोळसा-लाकूड जाळायला बंदी आहे, आसपासच्या गावांना ती लागू नाही. म्हणून उपनगरात हवा चांगलीच असेल असं धरून चालू नका.

घर बघताना कपाटामागची बाहेरची भिंत आणि खिडक्यांचे कोपरे निरखा. तिथे काळे ठिपके किंवा नुकताच मारलेला रंग दिसला तर बुरशीची शंका घ्या. न्हाणीघरातला पंखा चालू करून जाळीला टिश्यू पेपर लावा. चिकटला नाही तर वाफ घरातच राहणार. आर्द्रता सतत ६० टक्क्यांवर असेल तर बुरशी येण्याचा धोका असतो.

एअर प्युरिफायर घ्याल तर सीएडीआर, म्हणजे हवा स्वच्छ करण्याचा वेग, ताशी घनमीटरमध्ये बघा: खोलीचं घनफळ गुणिले पाच. १२ चौरस मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली असेल तर १५०. हा वेग बहुधा सर्वांत गोंगाटाच्या सेटिंगवरचा असतो आणि रात्री यंत्र हळू ठेवावं लागतं, म्हणून एक माप मोठंच घ्या. ओझोन सोडणारं यंत्र मात्र दम्याच्या घरात नकोच.