मनात शंका आली म्हणजे श्रद्धेचा सद्गुण गेला का?

नाही. कॅथलिक शिकवणीनुसार श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण सरावाने कमवायचे नसतात. बाप्तिस्म्यात देव ते देतो. आपल्याकडे राहतं ते त्यांना खतपाणी घालणं.

शंकेत फरक करा. न बोलावता आलेला प्रश्न, 'हे कसं शक्य आहे?' अशी धाकधूक, हे पाप नव्हे. देवाने प्रकट केलेलं आणि ख्रिस्तसभेने शिकवलेलं जाणूनबुजून झिडकारणं मात्र श्रद्धेविरुद्धचं पाप. आलेला प्रश्न तसाच कुजवत ठेवला तर तोही पुढे आंधळेपणाकडे नेऊ शकतो, म्हणून मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांना गाठून सरळ विचारावा. सांगली-मिरजेकडे प्रोटेस्टंट शेजाऱ्यांशी बोलताना असे प्रश्न हमखास निघतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

श्रद्धेविरुद्धचं नसलेलं एखादं गंभीर पाप घडलं तरी श्रद्धा उरते, पण प्रीती गेल्यामुळे ती निर्जीव असते. कृतीवाचून श्रद्धा मृत, हे याकोबाच्या पत्रात (2:17) आहेच. अशा वेळी आधी पापनिवेदन (फादरांपुढे पाप कबूल करणं), मग कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकर घेणं). लोक नेमका हा क्रम उलटा करतात.

रोज श्रद्धेची छोटी प्रार्थना म्हणा, मन कोरडं असलं तरी. भावना दाटून येणं ही अट नाहीच. रविवारी मिस्सात 'मी विश्वास ठेवतो' हा श्रद्धेचा कबुलीजबाब म्हणताना घाई तेवढी टाळा.