मिनेसोटाचं सफरचंद लष्करात?

प्रश्न : काका, माझा मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो. त्याच्या परसातलं हॅरलसन जातीचं सफरचंद गुडघाभर बर्फात उभं राहतं आणि तरी लगडतं. डिसेंबरात तो येईल तेव्हा त्याच्या काड्या मागवून इथे कलम करावं म्हणते. थंडी तर आपल्याकडेही कडाक्याची पडते. वाड्याच्या चौकात येईल का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : वहिनी, काड्या अजिबात मागवू नका. झाडं-रोपं आयात करण्याबाबतच्या सरकारच्या २००३ च्या आदेशानुसार परदेशी कलमकाडीला आधी आयात परवाना आणि तिकडच्या सरकारी खात्याचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. बॅगेतून आणलेली काडी विमानतळावरच जप्त व्हायची.

शिवाय थंडी सोसणं वेगळं आणि थंडीची भूक असणं वेगळं. हॅरलसन ही मिनेसोटा विद्यापीठाची १९२२ मधली जात. उणे तिसातही तगते. इथे त्या ताकदीला कामच नाही. अशा झाडांच्या कळ्या उमलायला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास लागतात. आपल्या जानेवारीत पहाटे पारा पाच-सातावर येतो खरा, पण ऊन पडलं की दुपारी विशीपार. तासांची बेरीज होतच नाही. मग झाड मरत नाही, रुसतं : पानं उशिरा, फुलं चार इकडे, दोन तिकडे.

आपल्याला हव्यात कमी भुकेच्या जाती. हिमाचलात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी एचआरएमएन-९९ काढली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि योग्यच मिळाली. इस्रायलची ॲना घेतलीत तर जोडीला बहामाची डॉर्सेट गोल्डन लावा, परागासाठी. नुसतं ‘काश्मिरी’ म्हणून कुणी रोप पुढे केलं तर जातीचं नाव विचारा. सांगता आलं नाही तर घेऊ नका. बी पेरून तर मुळीच नको, आईसारखं फळ येत नाही.

चौकही मला पसंत नाही. दगडी फरशी आणि भिंती मे महिन्यात रात्रीही धगधगत असतात. परसात पूर्वेची बाजू बघा, जिथे दुपारनंतर घराची सावली पडेल. डिसेंबर-जानेवारीत कलम लावा, जोड मातीच्या चार बोटं वर ठेवून. पाणी साचू देऊ नका. उन्हाळ्याआधी खोडाला चुना फासा, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्या, पण खोडाला न टेकवता, नाहीतर वाळवी चढते. पहिली दोन वर्षं लू चालू असताना हिरवी जाळी बांधा, आणि त्या काळात आलेली फळं खुडून टाका. जिवावर येतं, पण खुडाच.

पुढे फळ जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकेल. पोपटांना ते तुमच्याआधी कळतं, तेव्हा मेच्या शेवटालाच झाडावर जाळं टाका.