होम केअर एजन्सीतील मावश्यांच्या ड्युट्यांचे वेळापत्रक कसे सांभाळावे?

आपण विचारले आहे की एजन्सीकडे घरोघरी रुग्णांची काळजी घेणाऱ्या तीसेक मावश्या आणि वॉर्डबॉय असतील, तर ड्युट्या कोणत्या सॉफ्टवेअरवर लावाव्यात आणि ऐनवेळच्या दांड्या कशा थांबवाव्यात. सॉफ्टवेअरविषयी शेवटी लिहीन; मात्र ‘दांड्या’ हा शब्द वाचून राहवले नाही, कारण ठाण्यात दिरांच्या भागीदारीत मी अकरा वर्षे अशा मावश्या पुरवणारा ब्युरो चालवला आणि ती भागीदारी याच शब्दावरून मोडली.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी, ऐन गौरी-गणपतीत, मुंबईत धो धो पाऊस झाला आणि रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या. माटुंग्याच्या एका आजींकडे सकाळी आठला गेलेल्या आमच्या मावशींना रात्री सोडवायला निघालेली रिलीव्हर दिवा स्टेशनहून कशीबशी ठाण्यापर्यंत आली आणि तिथेच अडकली. आजींना राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, दर दोन तासांनी फीड द्यायचे, त्यांची कूस बदलायची, त्यामुळे मावशींना तिथून हलता येणे शक्यच नव्हते. रिलीव्हर पोहोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, म्हणजे बारा तासांची ड्युटी एकोणतीस तासांची झाली. रजिस्टरात मात्र ती आदल्या रात्री आठलाच संपली होती, कारण आमच्याकडे ठरलेली ड्युटी लिहीत असत, प्रत्यक्ष भरलेली नव्हे.

रिलीव्हर पोहोचली त्याच दिवशी, म्हणजे ३० ऑगस्टच्या रात्री, मुलुंडच्या एका आजोबांकडील बाई गौरींसाठी रजेवर होत्या. बदली शोधताना भाऊजींनी रजिस्टर उघडले आणि त्यांना याच मावशी चोवीस तास विश्रांती घेतलेल्या दिसल्या. त्या रात्रीच्या ड्युट्यांच्या यादीवर सही माझीही होती, हे मी लपवत नाही. मावशींनी मुलीच्या फीसाठी उचल घेतलेली असल्याने त्यांनीही नकार दिला नाही. पहाटे साडेतीनला आजोबा लघवीसाठी उठले, पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. मी पोहोचले तेव्हा मावशींच्या मनगटाला ओढणीचे एक टोक बांधलेले होते. आजोबा हलले तर आपल्याला जाग यावी म्हणून दुसरे टोक त्यांनी आजोबांच्या हाताला बांधले होते आणि ते सुटले होते. आपल्याला झोप लागणार हे त्या बाईला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हा दोघांना.

भाऊजींनी बेजबाबदारपणाचा ठपका ठेवून त्यांचा आठ दिवसांचा पगार कापला. तो मी माझ्या हिश्श्यातून भरला, तरीही मावशी महिनाअखेरीस दुसऱ्या ब्युरोत गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग आणखी चौघी गेल्या. ‘या बायकांना शिस्त नाही’ हे भाऊजींचे मत आजही कायम आहे. माझे मत असे आहे की ज्यांना आपण दांड्या म्हणतो, त्यांतल्या बहुतेक वेळापत्रक लावणाऱ्यानेच लावलेल्या असतात. बदलापूरच्या बाईला सकाळी आठची ड्युटी दुसऱ्याच रेल्वेमार्गावर, अंधेरीत द्यायची, जत्रा, गौरी आणि भाऊबीज दरवर्षी येतात हे माहीत असूनही रजा आधी विचारायच्या नाहीत, आणि मग फोन बंद लागला की तिला नावे ठेवायची, हा प्रकार मी इतर ब्युरोंतही पाहिला आहे.

म्हणून पुढचा महिना लावण्यापूर्वी प्रत्येकीला रजा विचाराव्यात, काम शक्यतो तिच्याच रेल्वेमार्गावर द्यावे, आणि पुढची ड्युटी देण्यापूर्वी मागच्या घरातून ती प्रत्यक्ष किती वाजता बाहेर पडली हे तिलाच फोन करून विचारावे. रिलीव्हरने अर्धा तास आधी पोहोचावे आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे तिला मिळावेत. कोणते औषध राहिले, पाठीवर कुठे लाली दिसते, हे दारात चपला घालता घालता सांगण्यासारखे नसते. त्याखेरीज दोन मावश्या राखीव ठेवाव्यात आणि काम नसले तरी त्यांना पगार द्यावा. भाऊजी याला ‘बसून खाणे’ म्हणत. आजोबांच्या घरच्यांना आम्ही जी रक्कम परत केली, तीत दोघींचा चार महिन्यांचा पगार निघाला असता.

अर्थात आपल्याकडे दहाबाराच पेशंट असतील, तर राखीव पगार परवडणार नाही. तेव्हा जवळच्या एखाद्या ब्युरोशी बदलीचे आपसांत ठरवून ठेवावे. ट्रॅकिओस्टॉमीचे (गळ्यातून श्वासाची नळी बसवलेले) किंवा व्हेंटिलेटरवरचे पेशंट असतील, तर तिथे प्रशिक्षित नर्सच लागते आणि बदलीला मावशी चालत नाही, त्यामुळे तो हिशेब निराळा मांडावा लागेल.

राहिले सॉफ्टवेअर. तीस माणसांना एक्सेलचे पान पुरते. मी बाहेर पडल्यावर भाऊजींनी हजेरीचे अ‍ॅप घेतले. त्यात घरात शिरल्याची वेळ मोबाइलवरून लागते आणि बाहेर पडल्याची वेळ आपोआप आठ धरली जाते. आपण तसे काही घेणार असाल, तर ती वेळ हाताने बदलता येते का, एवढे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.