बेरोजगारीचा दर ३.२ टक्केच असेल तर सुशिक्षित तरुणांच्या अर्धबेकारीची एवढी ओरड कशाला? राष्ट्रीय रोजगार धोरण आलं तर फरक पडेल का?

तो ३.२ चा आकडा कसा तयार होतो ते मी आमच्या घरात बघितलंय, म्हणून लिहितेय. थोडं लांबेल.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, ऑफिसात पगारपत्रक आणि पीएफचं काम बघते. धाकटा भाऊ बी. ई. मेकॅनिकल. शुक्रवार पेठेत आमची पिठाची गिरणी आहे, ती अण्णा, म्हणजे वडील, चालवतात.

मध्यंतरी सरकारच्या श्रमबल पाहणीत, म्हणजे पीएलएफएसमध्ये, आमच्या घराचा नंबर लागला. टॅब घेऊन एक तरुण यायचा. सभ्य मुलगा, प्रश्न नीट समजावून विचारायचा. गेल्या सात दिवसांत घरात कोणी, कोणत्या दिवशी, किती तास काम केलं, असं एकेकाचं विचारत तो धाकट्यापाशी आला. धाकटा म्हणाला, "सध्या काम न्हाई. अण्णा सकाळी अंबाबाईला जाऊन येईपर्यंत गिरणीवर बसतो. संध्याकाळी गर्दी असली तर दळण घालतो." पैसे किती मिळतात? "घरच्या गिरणीत कसले पैसे?" मुलानं टॅबवर २१ टाकलं. २१ म्हणजे काय, मी विचारलं. घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस, म्हणाला. काम नाही आणि शोधतोय, त्याचा कोड ८१.

म्हणजे बी. ई. झालेला, महिन्याकाठी एक रुपया न कमावणारा माझा भाऊ सरकारच्या हिशेबात रोजगारात आहे. त्या मुलाची चूक नव्हती, त्यानं नियमानं लिहिलं. आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं की माणूस कामकरी धरतात. वर्षाच्या हिशेबात बाकीचं वर्ष नोकरी शोधण्यात गेलं तरी तीस दिवसांचं जोडकाम पुरतं. तुम्ही दिलेला ३.२ हा २०२३-२४ चा, वर्षाच्या हिशेबाचा आहे. १५ ते २९ वयाचा त्याच वर्षीचा दर १०.२ आहे, तो कुणी भाषणात सांगत नाही. आणि २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात कामकऱ्यांमध्ये स्वयंरोजगारातल्या लोकांचं प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेलं, त्यात घरच्या धंद्यातले बिनपगारी मदतनीस १३.६ वरून १९.४ वर गेले. वजाबाकी करून बघा. जवळजवळ सगळी वाढ कोड २१ ची आहे.

आणखी एक प्रश्न त्यानं विचारला होता. जादा काम मिळालं तर करणार का, किती तास? धाकटा म्हणाला, "दिवसभर. लिहा तसं." त्यानं लिहिलंही. अर्धबेकारीची, म्हणजे काम आहे पण पुरेसं नाही याची, ही माहिती गोळा होते, पण पेपरात पहिल्या पानावर येतो तो फक्त बेरोजगारीचा दर.

त्याच संध्याकाळी काका आले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "बघ, सरकारनंच लिवून नेलंय पोरगं कामाला हाय म्हणून. आता रडगाणं बंद करा." मग नेहमीचं सुरू. आजकालच्या पोरांना खुर्ची पायजे, हात काळे करायला नकोत, म्हणून फौंड्रीत बिहार-ओडिशाची माणसं आणावी लागतात, आमच्या वेळी आम्ही मिळंल ते केलं.

काकांनी मिळेल ते केलं नाही. काका एसएससी झाले, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं, म्हणजे सरकारी रोजगार नोंदणी कार्यालयाचं, कार्ड काढलं, कॉल आला आणि एका सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटले ते पेन्शनला आले. १९५९ च्या कायद्यानं रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक होतं, म्हणून तो कॉल आला. यात काकांची जिद्द कुठं आली?

आणि हात काळे म्हणाल तर धाकट्यानं केलेत. कॉलेज संपल्यावर तो एका कारखान्यात ट्रॅक्टरच्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, इन्स्पेक्शनला लागला. व्हर्निअर आणि गेज घेऊन बारा तास उभं राहायचं, रात्रपाळीला फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, धुळीत. पगार बारा हजार, कंत्राटदाराच्या मस्टरवर. सात महिने झाले की ब्रेक, कारण २४० दिवस भरले तर सलग नोकरीचा हक्क सांगता येतो. ब्रेकनंतर त्याच मशीनवर, त्याच सुपरवायझरखाली, दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावानं परत घ्यायचे. पगार परत बारा. दुसऱ्या ब्रेकनंतर बोलावलंच नाही. काका याला "पोरगं टिकलं नाही" म्हणतात.

त्या बारा हजारांतून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जायचा, फेब्रुवारीत ३००. पगारपत्रक करणाऱ्या प्रत्येकाला हे आकडे पाठ असतात, पण तो कर कशासाठी लावला ते फारसं कुणाला आठवत नाही. रोजगार हमीला पैसा उभा करायला १९७५ साली हा कर आला. वि. स. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. त्यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रानं १९७७ साली कामाची हमी देणारा कायदा केला, देशाच्या कायद्याच्या २८ वर्षं आधी. मला त्याचा अभिमान आहे. पण ती हमी खेड्यातल्या अंगमेहनतीच्या कामाची. पेठेतल्या बी. ई. ला कसलीच हमी नाही, तो फक्त कर भरतो.

आता धोरणाचं. देशाचं असं एक राष्ट्रीय रोजगार धोरण नाही, योजना आहेत. पंतप्रधान इंटर्नशिपमध्ये सुरुवातीला महिना पाच हजार होते, पण वयाची अट २१ ते २४, धाकटा त्यात बसला नाही. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षणात पदवीधराला दहा हजार, तेही सुरुवातीला सहाच महिने. ऑगस्ट २०२५ पासूनच्या विकसित भारत रोजगार योजनेत पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५ हजारांपर्यंत मिळतात. धाकट्याचा पीएफ कंत्राटदारानं काढला होता, त्यामुळे तो "पहिल्यांदा" नाही. ज्यांनी बारा हजारांवर राबून बघितलं तेच बाहेर.

या बहुतेक योजना धरून चालतात की पोरांना काही येत नाही, शिकवलं की काम मिळेल. मी कारखान्याच्या बाजूनं बघते: ट्रेनी घेतात कारण ट्रेनी स्वस्त पडतो. शिकून झालं की दुसरा ट्रेनी येतो. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, २०२४ च्या अहवालात २०२२ सालची पदवीधर तरुणांची बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांची ३.४ टक्के दिली आहे. शिक्षण कमी पडतंय म्हणून असा आकडा येत नाही. पदवीधराच्या लायकीच्या जागाच नाहीत. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले, खुल्या गटाला हजार रुपये फी. धाकट्यानंही भरला.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: धोरण आलं आणि ते याच दरावर मोजलं तर काहीही फरक पडणार नाही, कारण या दरानं प्रश्न आधीच सुटलेला आहे. फरक पडेल तो सरकारी रिकाम्या जागा भरल्या, बारमाही कामावरचं कंत्राट थांबवलं आणि अनुदान ट्रेनी ठेवण्याला न देता माणूस कायम करण्याला दिलं तर.

काही गोष्टी सांगायला हव्यात. एका तासाचा नियम आपल्या सरकारनं काढलेला नाही, देशोदेशीचे आकडे जुळावेत म्हणून बहुतेक देशांत तोच वापरतात. मदतनिसांच्या वाढीत शेतावर राबणाऱ्या बायका फार मोठ्या संख्येनं आहेत, सगळे काही बी. ई. नाहीत. आणि सगळे कारखानदार सारखे नाहीत. छोट्या फौंड्रीवाल्याची ऑर्डर ट्रॅक्टर-मोटारीच्या बाजारावर हलते, बारा महिने माणूस पोसणं त्यालाही जड जातं, हे त्यांच्या वह्या बघून सांगते. स्पर्धा परीक्षेच्या मागं वर्षं घालवणारी पोरंही आहेत, पण त्यांना आळशी म्हणणाऱ्यानं आधी त्यांच्यापुढं दुसरी कोणती नोकरी आहे ते दाखवावं.

आणि काका, तुम्हाला तोंडावर सांगितलंय तेच इथं लिहिते. तुम्हाला कॉल आला तेव्हा अनुभव किती, असं कुणी विचारलं नव्हतं. धाकट्याला परवाच्या मुलाखतीत तेच विचारलं. कंत्राटदाराकडचे महिने सांगितले तर साहेब म्हणाले, ते आम्ही अनुभवात धरत नाही.