हाक नक्की कोणाला आली?

वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेतून 78 टक्के गुणांनी पास झाला. वडिलांची मासेमारीची होडी आहे. मुलगा चार वर्षांचा असताना न्यूमोनियानं त्याच्या जिवावर बेतलं होतं. तेव्हा आईनं वेलंकणी सायबिणीला, म्हणजे वेलंकणीच्या मरियामातेला, आंगवण (नवस) केली होती, की पोर वाचलं तर त्याला फादर करीन. पोर वाचलं. आता त्या लिहितात, “माजो झील देवाक दिलेलो आसा. येशूनं शिष्यांना बोलावलं तशी त्यालाही हाक आहे. पण हल्ली तो मत्स्य कॉलेजचं काहीतरी बोलतो. हे काहीच बोलत नाहीत. तुम्ही त्याला समजवा आणि सेमिनरीत जायचा मार्ग सांगा.” शेवटी त्यांनी मुलाकडूनही दोन ओळी लिहून घेतल्या आहेत: “हाक ऐकू आली की नाही ते मला कळत नाही. पण मी नाही म्हटलं तर आई आजारी पडेल.”

ताई, तुमचं पत्र तीन पानांचं आहे आणि मुलाच्या दोन ओळी. मी त्या दोन ओळींपाशीच अडकलो आहे. तुम्हाला त्यात आईवरची माया दिसली असेल, म्हणून तर तुम्ही त्या तशाच पाठवल्या. माया आहेच. पण मला त्यात भीती जास्त दिसते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आयुष्यभर अविवाहित राहून लोकांची सेवा करायला निघणार आणि त्यामागचं कारण काय, तर आईची तब्येत. या कारणावर कोणतंच आयुष्य उभं राहत नाही, फादरचं तर नाहीच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः दोन वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, होतो. सतराव्या वर्षी गेलो. एकदा तिथल्या वडीलधाऱ्या फादरनी सहज विचारलं, “तुला इथं कोणी पाठवलं?” आणि मी विचार न करता म्हणालो, “आईनं.” ते रागावले नाहीत. या उत्तरावर थोडे दिवस प्रार्थना कर, एवढंच म्हणाले. पुढच्या सुट्टीत मी ट्रंक घेऊन घरी परतलो. त्यानंतर कित्येक रविवार आई आमच्या चर्चला गेली नाही. लोकांच्या नजरा नकोत म्हणून दोन गावं ओलांडून मिस्सेला, चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जायची. तिचं ते एकटं चालत जाणं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. तुमच्या वाट्याला ते येऊ नये आणि तुमच्या मुलाच्या वाट्याला ती ट्रंक येऊ नये, म्हणून हे सगळं उघडपणे लिहितो आहे.

तुम्ही पत्रात बायबलातल्या हन्नाचा दाखला दिला आहे. देवळात रडून मागितलेला मुलगा, शमुवेल, तिनं देवाला वाहिला. खरं आहे. पण ताई, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर थांबू नका, तिसरा वाचा. शमुवेल रात्री झोपलेला असतो. हाक येते ती त्याच्या नावानं. तो तीन वेळा उठून एलीकडे धावतो, कारण त्याला वाटतं म्हाताऱ्यानंच बोलावलं. एली जाणता याजक, पण त्यालाही ती हाक ऐकू आलेली नाही. तो पोराच्या वतीनं ‘आलो’ म्हणत नाही. परत जाऊन पड, पुन्हा हाक आली तर तूच उत्तर दे, असं सांगतो. हन्नानं मुलाला देवळापर्यंत आणून पोचवलं, तिथून पुढचं सगळं शमुवेल आणि देव यांच्यामधलं आहे.

दुसरी एक आई आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत. जब्दीची बायको, येशूचे शिष्य याकोब आणि योहान यांची आई. ती येशूपुढे येऊन मागते, की तुझ्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही, असं येशू म्हणतो आणि पुढचा प्रश्न विचारतो तो मुलांना: मी पिणार आहे तो प्याला तुमच्यानं पिववेल का? तुमच्या पत्रात मावसबहिणीच्या मुलाच्या पहिल्या मिस्सेचं वर्णन आहे. बँड, मांडव, अख्ख्या वाडीचं जेवण, आईला पुढच्या बाकावर मिळालेली जागा. त्यावर अर्धं पान गेलं आहे. तोंडावर सांगतो, राग मानू नका: ते अर्धं पान वाचताना मला जब्दीच्या बायकोची आठवण झाली.

आता तुमचा एक मोठा गैरसमज. त्याच्यापायी किती घरांत रडारड होते ते मी पाहिलं आहे. ‘शिष्य होण्याची हाक’ म्हणजे फादर किंवा सिस्टर होण्याची हाक, असं तुम्ही धरून चालला आहात. शुभवर्तमानात तसं नाही. बारा जणांना प्रेषित म्हटलं आहे, शिष्यांचा घोळका त्याहून कितीतरी मोठा होता. त्यात आपल्या पैशांनी सगळ्यांचा खर्च चालवणाऱ्या बायका होत्या. बारा जणांतल्या पेत्राला सासू होती, म्हणजे बायकोही असणारच. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यापो बंदरातली टबीथा येते. तिला स्पष्ट ‘शिष्या’ म्हटलं आहे, आणि तिचं काम काय, तर विधवांसाठी कपडे शिवणं. अंत्युखियात लोक ‘ख्रिस्ती’ म्हणू लागले ते शिष्यांनाच. म्हणजे शिष्य हे ख्रिस्ती माणसाचं जुनं नाव आहे, आणि ही हाक बाप्तिस्म्याबरोबर तुम्हाला, तुमच्या नवऱ्याला, सगळ्यांना आलेलीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, 1964 साली हेच लिहून ठेवलं: पवित्र जीवनाची हाक सगळ्यांना आहे, मग कोणी संसारी असो की धर्मगुरू. आपल्याच किनाऱ्यावरचा वसईचा गोन्सालो गार्सिया बघा. 1862 साली संत म्हणून घोषित झाला, पण तो फादर नव्हता, ब्रदर होता, म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेला व्रतस्थ. त्याआधी जपानच्या बाजूला व्यापार करायचा. 1597 साली नागासाकीला क्रुसावर गेला. आणि 2022 साली संत झालेला देवसहायम् तर लग्न झालेला, दरबारात नोकरी करणारा माणूस.

उलटही घडतं. गरसेकरांच्या प्रांतात येशूनं भूतबाधेतून सोडवलेला माणूस विनवतो, मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशू त्याला होडीत घेत नाही. घरी जा, आपल्या माणसांना काय झालं ते सांग, म्हणतो. यायला तयार असलेल्यालाच परत पाठवतो! त्या माणसाची हाक घरीच होती. तुमच्या मुलाची कुठली असेल ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही.

आंगवणीबद्दल तुमच्या मनावर जे ओझं आहे ते मला समजतं. मोडली तर पोराला काही होईल, ही भीती तुम्ही तेरा-चौदा वर्षं उशाशी घेऊन झोपलात. पण चर्चचा कायदा याबाबत अगदी स्वच्छ आहे. 1983 च्या कॅनन लॉमध्ये कलम 1193 आहे: नवस बोलणाऱ्यालाच तो बांधतो, दुसऱ्याला नाही. म्हणजे तुमची आंगवण तुमच्या मुलाला कधीच लागू झालेली नाही, त्या हॉस्पिटलच्या रात्रीही नाही. पॅरिशच्या फादरना अशा खासगी नवसातून मोकळं करण्याचा अधिकार आहे. नवसाच्या जागी तितकंच चांगलं किंवा त्याहून चांगलं दुसरं काही करायची मोकळीक बोलणाऱ्यालाच असते. आणि कलम 1026 तर याहून कडक आहे: कोणालाही, कोणत्याही कारणानं, कोणत्याही प्रकारे दबाव आणून धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायला लावणं पूर्ण निषिद्ध आहे. ‘मी त्याला देवाला दिलाय’ हे वाक्य तुम्ही सेमिनरीत अभिमानानं सांगाल, पण ऐकणारा जाणता असेल तर त्याला तिथंच शंका येईल.

म्हणून येत्या आठवड्यात एकट्या जाऊन फादरना भेटा. मुलाला नेऊ नका. आंगवण जशी केली तशी सांगा आणि ती तुमच्या अंगानं कशी फेडता येईल ते विचारा. गावात एखादी एकटी म्हातारी असेल, आजाऱ्याला कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) न्यायचं असेल, खुरसाकडच्या लादिनीची, म्हणजे क्रुसापुढच्या सामूहिक प्रार्थनेची, पोरांकडून तयारी करून घ्यायची असेल. मागे म्हटलेली ती जब्दीची बायको शेवटी कुठं सापडते ठाऊक आहे? क्रुसापाशी. गालीलपासून येशूच्या मागे आलेल्या बायकांमध्ये, स्वतःच्या पायांनी आलेली. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की इतकी तळमळ असलेल्या बाईला हाक आलेली आहे, फक्त ती तिनं मुलाच्या नावावर लिहून टाकली.

मार्गांचं थोडक्यात. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, बी.एफ.एस्सी. ही मत्स्यशास्त्राची पदवी चार वर्षांची, बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते. प्रवेशाच्या तारखा चुकवू नका. डिप्लोमा, इंजिनिअरिंग, साधी बी.एस्सी. हे रस्ते तुमच्या कॉलेजातले सर सांगतील. सेमिनरीसाठी आपल्याकडे सिंधुदुर्ग धर्मप्रांत आहे, 2005 साली पुण्यातून वेगळा झालेला, बिशपांचं ठाणं सावंतवाडीला. तिथं पाचारणाचं, म्हणजे हाक आली असं वाटणाऱ्यांना मार्ग दाखवण्याचं, काम बघणारे फादर असतात, मुलांना काही दिवस राहून बघता येतं. तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची (धर्मशास्त्राची) चार अशी किमान सहा वर्षं, आणि पंचविशी पूर्ण झाल्याशिवाय फादर होता येत नाही. म्हणजे घाई कशालाच नाही. पदवी घेऊन एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी आत गेलेले चांगले फादर मी पाहिले आहेत. आज शिरगावला गेला तर सेमिनरीचं दार बंद होत नाही. आज मनाविरुद्ध सेमिनरीत गेला तर मात्र बाहेर येताना त्याला कोणकोणत्या नजरांतून यावं लागतं, ते मी वर लिहिलंच आहे.

वाडीत तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, असं पत्रावरून दिसतं. आता कोणी विचारलं तर ‘त्याचं अजून ठरलेलं नाही’ एवढंच म्हणा. जड जाईल. तरी म्हणा.

आणि ‘हे काहीच बोलत नाहीत’ ही ओळ. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर ओढलेली, म्हणजे बाप-लेक सध्या जाळी दुरुस्त करत बसत असतील. याकोब आणि योहान यांना हाक आली तेव्हा तेही बापाबरोबर होडीत जाळी नीट करत होते. ते निघाले, तेव्हा जब्दी एक शब्द बोलल्याचं शुभवर्तमानात नाही. त्याच्यापाशी मजूर होते, होडी चालणार होती, पोरांना जाताना मागे वळून बापाची काळजी करावी लागली नाही. तुमचे यजमान गप्प आहेत ते मनात काही नाही म्हणून, असं मला वाटत नाही. त्यांना विचारा. मुलासमोर नाही, रात्री.

बाबू, तू हे वाचशीलच. तू खरं तेच लिहिलंस, की कळत नाही. एवढं खरं बोलणारा मुलगा सेमिनरीतही शोभेल आणि शिरगावातही. आईच्या तब्येतीची जबाबदारी आज मी तुझ्याकडून काढून घेतो. ती तुझ्या बाबांकडे, फादरांकडे आणि डॉक्टरांकडे. सीईटीचा निकाल आला की फॉर्म भर. चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी मदत करतोस ती आवडीनं करत असशील तर चालू ठेव, आईला बरं वाटावं म्हणून करत असशील तर एक महिना थांब आणि बघ, पाय आपोआप तिकडे वळतात का.

ताई, फादरना भेटून आलात की मला जरूर लिहा. मुलाचं काय ठरलं ते मात्र तुम्ही लिहू नका. त्याला वाटलं तर तोच लिहील.